तिच्या हातचं पाणी

‘तुम्ही दोघी बहिणी शोभाल. सहा नंबरच्या टेबलावर बसा,’ पुठ्ठेवाला म्हणाला. मी पिशवीत चष्मा शोधत होते. मान वर केली तर समोर ताई. तिचं तोंड न बघितल्याला दोन वर्षं आणि वर एक महिना झाला होता, आणि ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती, अंगात तोच निळा स्वेटर, ज्याची कोपरं एकदा मीच शिवून दिली होती. पुठ्ठेवाला म्हणजे पुठ्ठ्याला यादी अडकवून माणसं बसवत फिरणारा एक जाडा, घामट माणूस. हे नाव मीच त्याला मनातल्या मनात ठेवलं होतं. ‘ओळख आहे का तुमची?’ त्याने विचारलं. ‘नाही,’ मी म्हटलं. माझ्या पाठोपाठ ताईही म्हणाली, ‘नाही.’ अगदी माझ्यासारखंच, नाकातून. ‘मग करून घ्या, दिवसभर बसायचंय,’ असं म्हणून तो पुढच्या जोडीला हुसकायला गेला. मला तिथूनच मागे वळायचं होतं. पण अख्खी सकाळ रांगेत गेली होती, लॅबमध्ये रजा टाकली होती, आणि जायचं तर तिने जावं, मी का म्हणून जाऊ, हा आमच्या घरातला सगळ्यात जुना न्याय होता. ताईनेही तोच लावला असणार. आम्ही दोघी एकदमच सहा नंबरच्या टेबलाकडे निघालो.

शूटिंग ज्या मालिकेचं होतं, ती होती एका हॉटेल चालवणाऱ्या विधवा बाईची. नऊ वर्षं चाललेली, त्यातली पहिली सात आम्ही ती एकत्र बघितली. आई ताईकडे राहायची. मी गुरुवारी आणि रविवारी कामावरून सरळ तिकडे जायची. साडेसातला मधल्या खुर्चीत आई, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी. मालिकेतल्या मालकीणबाईंना आई ‘आपली’ म्हणायची. ‘आपली आज दमलेली दिसते. कुणी हातभार लावेल तर शपथ.’ त्यातल्या मॅनेजरला ती ‘मेला’ म्हणायची आणि तो पडद्यावर आला की पाय आवरून घ्यायची, जणू तो खोलीतच आलाय. मी आणि ताई एरवी पाच मिनिटं धड बोलायचो नाही. पण मॅनेजरला शिव्या घालताना आमचं एकमत असायचं, आणि आईला तेवढंही पुरायचं. पुढे पुढे तिला ते हॉटेल खरंच वाटायला लागलं. ‘एकदा जेवायला जायला पाहिजे गं तिथे. खिडकीजवळचं टेबल मिळेल का?’ म्हणून मागच्या महिन्यात भाग संपताना पाटी आली, की मालिका आता संपत आलीय, जुन्या प्रेक्षकांना गिऱ्हाईकं म्हणून हॉटेलात बसायचं असेल तर फॉर्म भरा, तेव्हा मी दोन मिनिटांत फॉर्म भरून मोकळी झाले. आईसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. ताईनेही भरला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि याचाच मला आता सगळ्यात जास्त राग येत होता. आईसाठी काही करायला जावं, तर ही बया आधीच तिथे हजर.

सहा नंबरचं टेबल खिडकीजवळचंच निघालं. खिडकी म्हणजे मागे ताणून बसवलेलं छापील कापड होतं. त्यावरच्या झाडाच्या एका फांदीला सुरकुती पडली होती. मालकीणबाई ज्या जिन्यावरून नऊ वर्षं तोऱ्यात उतरत आल्या, तो सहा पायऱ्या चढून एका फळीपाशी संपत होता. वर छत नव्हतं, नुसते दिवे. नव्या रंगाचा आणि कालच्या घामाचा वास कोंडला होता. बशीत तेल फासलेले पाव होते आणि प्लास्टिकची द्राक्षं. ‘खायचं काही नाही,’ पुठ्ठेवाला ओरडून सांगत होता, ‘जगमधलं पाणी तेवढं खरं आहे. ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. तुमचा आवाज आला की शॉट गेला. गप्पा रंगल्यात असं दिसलं पाहिजे. आणि कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, कितीही प्रेम उतू गेलं तरी.’ मी खुर्ची जरा तिरकी केली. तिला माझा चेहरा सबंध मिळू नये एवढाच हेतू. तर लगेच एक वहीवाली बाई धावत आली आणि खुर्ची होती तशी सरळ करून गेली. कुठल्या शॉटमध्ये कोण कसं बसलं होतं, कुणाचा हात कुठे होता, हे लिहून ठेवायचं तिचं काम. असली कामं करणाऱ्यांशी वाद घालायचा नसतो हे मला ठाऊक आहे, मी स्वतः त्यातलीच.

बावीस वर्षं मी एका तपासणी लॅबच्या रिपोर्ट खिडकीवर बसते. जाड काच, आणि बोलायला ठेवलेलं भोक कुणीतरी कधीचंच टेप लावून बंद केलेलं. पलीकडचा माणूस नाव सांगतो, मला ऐकू येत नाही, मी ओठांवरून वाचते आणि पाकीट सरकवते. आता सवयच झालीय. रस्त्यात, बसमध्ये, लांबच्या माणसांची भांडणं मला फुकटात कळतात. ताईला हे माहीत होतं. आईपाशी बसून ती पूर्वी माझी परीक्षाही घ्यायची. म्हणून पहिला शॉट सुरू झाला, सगळ्या हॉलभर ओठ हलायला लागले, तेव्हा ताईने तोंड उघडलं आणि मी वाचलं: सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. पाढे. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई दुसरं काय म्हणणार. सतरा त्रिक एक्कावन्न. माझ्याशी खोटं खोटंसुद्धा बोलायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं होतं. बरं, मीही काही तिच्याशी गुजगोष्टी करायला आले नव्हते. मी नुसती मान डोलवत राहिले. तिकडे मालकीणबाई मॅनेजरला म्हणाल्या, ‘आता पुरे.’ आणि त्याच क्षणी, पाढा म्हणता म्हणता, ताईने जग उचलला, माझा ग्लास भरला आणि माझ्यासमोर सरकवला. आणि मी तो उचलून प्यायले.

पोटात पाणी गेलं आणि मग मला कळलं. ‘यापुढे तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही,’ हे माझे तिच्या दारातले शेवटचे शब्द होते. ते मी पाळले होते. मावशीच्या आजारपणात ती एका दारातून आत आली की मी दुसऱ्या दारातून बाहेर, इतके पाळले होते. आणि आज पाण्याच्या एका जगापायी मी माती खाल्ली. चूक तिची नव्हती, माझीही नव्हती. मी चार वर्षांची असल्यापासून जेवायला बसलं की ती माझा ग्लास भरत आलीय आणि मी पीत आलेय, हात आमच्या भांडणाला विचारत नाहीत. ताईच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिचा पाढा अडुसष्टावर अडकला. मी ठरवलं, एकदा झालं ते झालं, आता ग्लासाला बोट लावायचं नाही. तेवढ्यात ‘कट’ झालं आणि वहीवाली हजर. तिने टेबलाचा फोटो काढला. ‘तुम्ही “आता पुरे”वर पाणी ओतलंत, आणि तुम्ही तीन घोटांत प्यायलात. छान झालं, खरं वाटलं. आता दरवेळी हेच करायचं. दरवेळी, हं. नाहीतर एका शॉटमध्ये ग्लास भरलेला आणि दुसऱ्यात रिकामा दिसतो.’ मी विचारलं, ‘मला तहान नसली तर?’ ‘तहान कोण विचारतंय, मावशी?’ ती म्हणाली. ताई खाली बघत होती, पण तिच्या गालाची ती कड मी ओळखते. ती हसू दाबत होती.

मग मीही माझा उपाय काढला. मला ओठ वाचता येतात, तिला येत नाहीत. दुसऱ्या शॉटला मी गोड हसले आणि आवाज न काढता सुरुवात केली. दोन वर्षं एक महिना साठवलेलं होतं सगळं, शोधायला लागलं नाही. खोटारडी. आईवर मालकी सांगणारी. थोरली म्हणून जन्माला आलीस ते काय कर्तृत्व तुझं? गर्वाचं घर खाली, तुझं खाली कसं होत नाही? ‘आता पुरे,’ मालकीणबाई म्हणाल्या. ताईने ग्लास भरला, मी तीन घोटांत प्यायले, ओठ पुसले आणि पुढे चालू केलं. आईला तू मारलंस, असंही मी एकदा म्हटलं, हसत. पुठ्ठेवाला लांबून अंगठा दाखवत होता. ‘सहा नंबर, एक नंबर! काकू, असंच हसत राहा.’ तिसरा शॉट, चौथा शॉट. दर खेपेला तेच पाणी, कोमट, जगाच्या पत्र्याचा वास असलेलं. ताई पाढे म्हणत होती, सतराचा संपवून एकोणिसाचा, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला शब्द कळत नव्हते पण सूर कळत असणार. मला तो सूर आईकडून आलाय हेही तिला माहीत होतं.

मला जे छळत होतं ते एवढंच होतं. आईला झटका आला तेव्हा तिची वाचा गेली. तोंड डाव्या बाजूला ओढलं गेलं. ती बोलायची, सारखी बोलायची, पण नुसते ओठ हलायचे, आवाज नाही. अख्ख्या गावाचे ओठ वाचणारी मी, पण आईच्या त्या वाकड्या ओठांवरचं मला एक अक्षर लागत नव्हतं. मी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बसायची आणि घाम फुटायचा. आणि ताई, स्वयंपाकघराच्या दारातून नुसती नजर टाकून, हात पुसत सांगायची, ‘आई म्हणतेय, पंखा कमी कर.’ ‘आई म्हणतेय, मॅनेजरला आज बरी अद्दल घडली.’ सगळं कळायचं तिला. सहा महिने ती आईची दुभाषी होती आणि मी पाहुणी. मत्सर वाटायचा मला, दुसरा शब्द नाही. एकच गोष्ट त्यात माझ्या वाट्याची होती. रविवारी मी निघायला लागले की आई काहीतरी पुटपुटायची आणि ताई म्हणायची, ‘आई म्हणतेय, तू आलीस की बरं वाटतं.’ दर रविवारी. ते मी बसमध्ये मनातल्या मनात म्हणत घरी जायची. मग तो मंगळवार. सकाळपासून आईचा श्वास बिघडला होता, दुपारी डॉक्टर येऊन गेले होते, साडेचारला आई गेली, आणि मला फोन आला सहा वाजता. मी विचारलं, सकाळी का नाही कळवलंस? ताई म्हणाली, ‘आई म्हणाली, तिला बोलावू नको.’ एवढंच. आई शेवटच्या दिवशी मला नको म्हणाली का, हा प्रश्न घेऊन मी तेव्हापासून उठतेय आणि झोपतेय. तो ताईला परत विचारायची माझी हिंमत नव्हती. भांडण उकरायला हिंमत लागत नाही, म्हणून मी भांडण केलं.

पाचव्या शॉटला दिवे हलवले आणि कॅमेरा आमच्या बाजूला आणला. आमच्या टेबलापुढे मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की त्यांच्या मानेवरची पावडर दिसत होती. नऊ वर्षं ज्या बाईवर जीव टाकला तिची पाठ माझ्या हाताला लागेल एवढी जवळ होती आणि मला तिच्याकडे बघायला सवड नव्हती, कारण ताई पाढे म्हणत नव्हती. ग्लास भरून झाल्यावर ती माझ्याकडे सरळ बघून, वर्गात फळ्यावर लिहितात तशी एकेक शब्द सुटा करून, आवाज न काढता म्हणाली: मला कळत नव्हतं. मी नजर दुसरीकडे नेली. ‘कट. परत.’ सहाव्या शॉटला ग्लास, पाणी, तीन घोट, आणि पुन्हा तिचे ओठ: आई काय म्हणायची ते मला कळत नव्हतं. एक अक्षरही नाही. शॉट तिथेच तुटला. मालकीणबाईंच्या केसांची एक बट सोडवायला कुणीतरी आलं, मॅनेजर, म्हणजे आईचा मेला, खुर्चीत बसून पेंगायला लागला, आणि आम्ही दोघी ग्लासाकडे बघत बसलो. तेव्हा बोलायला बंदी नव्हती. सगळा हॉल बडबडत होता.

सातव्या शॉटला ती म्हणाली: बोलावू नको असं ती म्हणालीच नाही. ते माझं मीच. माझा हात ग्लासावर होता आणि तो तिथेच राहिला. मी जिंकले होते. दोन वर्षं मी जे ओरडत होते, खोटारडी, खोटारडी, ते ती स्वतःच्या तोंडाने कबूल करत होती, आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, अगदी क्षणभर, दुष्ट आनंद. मग दुसरं डोक्यात आलं. हिला एक अक्षर कळत नव्हतं तर पंखाही खोटा, मॅनेजरची अद्दलही खोटी, आणि रविवारचं तेही खोटं. तू आलीस की बरं वाटतं. ते आई म्हणालीच नव्हती. बसमध्ये मी जे जपून घरी न्यायची ते हिने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या रचलेलं होतं. एका हाताने दिलं आणि एका हाताने घेतलं. मला तो जग तिच्या डोक्यात घालावासा वाटला. ‘कट!’ कुणीतरी ओरडलं आणि वहीवाली पाय आपटत आली. ‘मावशी, पाणी प्यायला नाहीत तुम्ही! मालकीणबाईंचं इतकं सुंदर झालं होतं, वाया गेलं.’ सगळा हॉल माझ्याकडे वळून बघत होता. मालकीणबाईसुद्धा वळल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘कुठून आणतात ही माणसं?’

आठवा शॉट. ताईने ओतताना थोडं पाणी टेबलावर सांडलं. मी प्यायले. तीन घोट, मोजून. तिच्या ओठांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बावीस वर्षांची सवय ठरवून मोडत नाही. ती म्हणाली: तुला बोलावलं असतं तर ती जाणार हे मला कबूल करावं लागलं असतं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, कारण हसतखेळत दिसायला हवं होतं. मी तिला काय म्हटलं? आता माझ्याकडे शिव्या उरल्या नव्हत्या. मी सतराचा पाढा म्हटला. तो तिच्यापर्यंत पोचला की नाही देव जाणे. ‘कट. ओके,’ वरून आवाज आला आणि दिवे एकेक करून विझले.

बाहेर पडायच्या बोळात पुठ्ठेवाला टेबल नंबरांच्या चिठ्ठ्या गोळा करत होता. ‘सहा नंबर, तुम्ही दोघी उद्या परत. सीन अर्धाच झालाय. हेच कपडे, हेच केस. एक जरी आली नाही तर टेबल उडवावं लागेल, म्हणून एकमेकींचे फोन नंबर घेऊन ठेवा.’ तो समोरच उभा राहिला, म्हणून ताईने मला तिचा नंबर सांगितला, एकेक आकडा, अनोळखी बाईला सांगावा तसा. मीही फोनवर बोटं हलवली. तो नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. पुठ्ठेवाला गेला. बोळात नुसत्या रचलेल्या खुर्च्या होत्या आणि आम्ही दोघी. मला वाटलं, आता नाही विचारलं तर घरी जाऊन हेच पुन्हा, उठताना आणि झोपताना.

‘रविवारी सांगायचीस,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच फाटका वाटला. ‘आई म्हणतेय, तू आलीस की बरं वाटतं. ते कोण म्हणायचं?’

ताईने स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, मग परत वर केल्या. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी वाचलं होतं, पण मी तशीच थांबले. एवढं तरी तिने तोंडाने म्हणावं, काचेच्या अलीकडे येऊन, असं मला वाटत होतं.

‘मी,’ ती म्हणाली. ‘ते मीच म्हणायची.’

मला प्रचंड राग आला. सहा महिने, दर रविवारी, पुढ्यात उभं राहून, आणि मेलीला ते स्वतःच्या नावावर म्हणता आलं नाही. त्यासाठी वाचा गेलेल्या आईचं तोंड उसनं घ्यावं लागलं. मंगळवारचं मी तिला माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. मी पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेले. तिथून मागे बघितलं तर ती खुर्च्यांना टेकून, स्वेटरचं कोपर चाचपत उभी होती. माझे टाके तिथे उसवत आले होते.

‘ते कोपर शिवू नकोस,’ मी म्हटलं. ‘उद्या असंच लागेल, नाहीतर ती वहीवाली ओरडेल. आणि जगमध्ये जरा गार पाणी भरायला सांग. आज नुसतं कोमट होतं.’